दसारामजींचा ठोका

आमच्या करडीत लाइन गेली की पंखे थांबतात, टीव्ही थांबतात, पिठाची गिरणी थांबते. फक्त एका घरातून आवाज सुरू होतो. ते घर नेमकं आमच्या भिंतीला लागून आहे, आणि तो आवाज तेलाच्या रिकाम्या पिप्याचा असतो.

पिपा वाजवणाऱ्याचं नाव दसारामजी. वय सहासष्ट, अंगात बंडी, डोक्याला गमछा, मिशी पांढरी आणि कान मोठे. लाइन असते तेव्हा त्यांच्या छपरीत कमरेएवढा काळा साउंड बॉक्स धम् धम् धम् धम् करत असतो. त्यात गाणारा नसतो, गाणंही फारसं नसतं, असतो तो नुसता ठोका. लाइन गेली की बॉक्सचा शेवटचा धम् हवेत असतानाच दसारामजींचा हात पिप्यावर पडतो. पुढचा ठोका अगदी वेळेवर येतो. मग लाइन परत येईपर्यंत ते पिपा वाजवत बसतात. एकदा डीपी जळली होती तेव्हा सकाळी नऊपासून दुपारी पावणेदोनपर्यंत त्यांनी पिपा वाजवला. मधे डाव्या हाताने ठोका चालू ठेवून उजव्या हाताने जेवलेसुद्धा.

चार वर्षांपूर्वी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला माझी बदली झाली, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सामान लावताना लाइन गेली आणि भिंतीपलीकडे धाडधाड सुरू झालं. मला वाटलं छप्पर कोसळतंय. मी तसाच अनवाणी पळत गेलो.

"काय झालं जी?"

"लाइन गेली," ते म्हणाले. हात चालूच.

"ते तर मलाही कळलं. पण पिपा काहून बडवून राहिले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मास्तर असून मला बे दुणे येत नाही.

"ठोका तुटाले नाई पायजे, मास्तर."

मला धक्का बसला. आता, मला धक्का बसायला फार मोठं कारण लागत नाही हे कबूल केलं पाहिजे. माझी बायको सुनंदा म्हणते, "तुम्हाले तं साबण संपला तरी धक्का बसते." पण साबणाचा धक्का वेगळा आणि दसारामजींचा वेगळा. या माणसाने चार वर्षांत मला इतके धक्के दिले की साबणाचे मी आता मोजत नाही.

सुरुवातीला मी माझ्यापुरता एक उलगडा करून घेतला होता. दसारामजींनी चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत जमिनीखाली बत्तीस-तेहतीस वर्षं पंप चालवला. खाणीत चोवीस तास पाणी झिरपतं, ते चोवीस तास उपसावं लागतं. पंपाचा आवाज बंद म्हणजे खालची माणसं पाण्यात. अशा कानांना शांतता सोसत नसेल, बिचारे रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी पंपच ऐकत असतील, असं मी स्टाफरूममध्ये सांगायचो. सगळे माना डोलवायचे. उलगडा छान होता. फक्त चुकीचा होता.

तो बॉक्स कुठून आला, त्याची गोष्ट आधी सांगतो. दसारामजी एकदा तुमसरला गेले आणि मोबाइलच्या एका दुकानात मेमरी कार्ड देऊन म्हणाले, याच्यात खडी गंमत भरून दे. खडी गंमत म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा उभ्या-उभ्या करायचा खेळ. शाहीर, ढोलकी, तुणतुणं, आणि लुगडं नेसून नाचणारा गडी, ज्याला नाच्या म्हणतात. आता दुकानदाराने घाईत कुठलं बटण दाबलं देव जाणे. दसारामजी घरी आले, कार्ड बॉक्समध्ये घातलं आणि शाहिराची वाट पाहत बसले. शाहीर काही आला नाही. धम् धम् धम् धम् आलं.

"पयल्या दिवशी वाटलं, बॉक्स बिघडला," ते मला सांगत होते. "दुसऱ्या दिवशी वाटलं, हा तं पंप हाये. तिसऱ्या दिवशी नीट आयकलं मास्तर, तं एक गानं सरून दुसरं कवा लागलं थे समजलंच नाई. मधी ठोका तुटलाच नाई! कोन मानूस हाये हा? कुठचा हाये? पाहा बरं तुमच्या मोबाइलमंदी."

मी मोबाइलला ऐकवलं. मोबाइलने सांगितलं, हाऊस म्युझिक. मी खाली खाली वाचत गेलो आणि चहा गार झाला. ज्या संगीतावर जगभरची तरुण पोरं नाचतात, ते मोहाडी तालुक्यातला एक पेन्शनर सकाळी दात घासताना ऐकत होता. मी इंग्रजीचा शिक्षक असून मला त्याचं नाव माहीत नव्हतं, हा धक्का आणखी वेगळा.

मग आमची शिकवणी सुरू झाली. रविवारी दुपारी छपरीत मी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि दसारामजी मांडीवर बोटाने ठोका धरून ऐकायचे. शिकागो नावाचं अमेरिकेत शहर आहे. तिथे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका जुन्या गोदामात काळी पोरं नाचायला जमायची. तिथला तबकड्या लावणारा एकाच वेळी दोन यंत्रं चालवायचा. एक तबकडी संपायच्या आत दुसरीचा ठोका तिच्यात असा मिसळायचा की नाचणाऱ्याचा पाय अडू नये. गाण्यातला चांगला तुकडा फीत कापून, जोडून लांबवायचा. पुढे ठोके देणारी मशीन आली. वादक लोकांना तिचा आवाज खोटा वाटला, म्हणून ती जुन्या सामानाच्या दुकानांत धूळ खात पडायची. ती या पोरांनी स्वस्तात उचलली आणि घरच्या घरी नवं संगीत केलं. गोदामाला इंग्रजीत वेअरहाऊस म्हणतात, त्याची शेपटी धरून नाव पडलं हाऊस.

"मंजे मोडक्या सामानातून केलं," दसारामजी म्हणाले.

"हो."

"गज्जब पोट्टे हायेत."

ते संगीत मग समुद्रापार इंग्लंडला गेलं, आफ्रिकेत गेलं, आणि आज सिनेमातल्या गाण्यापासून वरातीतल्या डीजेपर्यंत सगळ्यांच्या पोटात तोच ठोका आहे, हेही मी सांगितलं. हे सांगायला नको होतं. दसारामजींची लेक सिहोऱ्याला दिली आहे. तिच्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी चालती वरात थांबवली, डीजेच्या गाडीवर चढले, आणि गाडीवाल्याला विचारलं, "हे कोनी काढलं, तुले माहीत हाये का बे?" त्याला माहीत नव्हतं. मग नवरदेव घोड्यावर, पाहुणे उन्हात, आणि दसारामजींचं शिकागो माहात्म्य. गोदाम, तबकड्या, मशीन, सगळं. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा व्याह्यांनी हात जोडले. उतरताना ते गाडीवाल्याला म्हणाले, "दोन गान्याच्या मंधात तू ठोका तोडते. लाज वाटाले पायजे."

गावातल्या माणसांचीही त्यांनी चालीवरून वाटणी केली होती. पोस्टमन ठोक्यात चालतो. सरपंच ठोक्याबाहेर चालतात, म्हणून कामं होत नाहीत. मी? "तुम्ही चांगले चालता मास्तर, पन दर दहा पावलाले दचकता."

आणखी एक गोष्ट मी बोलून गेलो होतो. इंग्लंडात पोरं हे संगीत घेऊन गावाबाहेर शेतांत जमायची आणि तिथे नाचायची.

"वावरात?" दसारामजींनी मांडीवरचं बोट थांबवलं.

"वावरात."

"थे लोक वावरात नाचू शकते, तं आपले लोक वावरात रोवना काहून नाई करू शकत?"

मला वाटलं विनोद आहे. श्रावणात त्यांच्या तलावाखालच्या दोन एकरांत धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला, आणि मी शाळेतून येताना पाहिलं तर शेताच्या कडेला धुऱ्यावर ताडपत्री पांघरून बॉक्स उभा. मोटारीच्या डब्यातून त्याला वायर. बांधीत गुडघाभर चिखलात चौदा बाया ओणव्या, आणि धम् धम् धम् धम्.

बायांची मुखत्यारीण कौसाबाई. तिच्या रोवण्याच्या गाण्यांवर निम्मं करडी पोसलं आहे असं म्हटलं तरी चालेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या गान्याले काय झालं जी?"

"तुमचं गानं मधी थांबते. तुम्ही पान खाता, मंग थांबते."

"आमी पान बी नाई खावाव का?"

पण काम गुत्त्यावर होतं, लवकर उरकलं तर बायांनाही बरंच होतं. सेकंदाला दोन ठोके, प्रत्येक ठोक्याला एक रोप. पाच वाजता संपणारा रोवणा दुपारी जेवायच्या वेळेला संपला. गाव बघायला आलं. तिघा जणांनी आपापल्या रोवण्यासाठी बॉक्स सांगून ठेवला. दसारामजी धुऱ्यावरून असे घरी आले, जसं शिकागो त्यांनीच वसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई दाराशी उभी. हसू दाबून म्हणाली, "तुमचा शिकागो तरंगून राहिला जी. पाह्यले या."

मी पण गेलो. निम्मा रोवणा पाण्यावर तरंगत होता. रोप लावताना बोटं चिखलात दोन पेरं खाली जायला हवीत. ठोक्याच्या घाईत ती जेमतेम अर्धं पेर गेली होती. तिघांनी आपापला बॉक्स गुपचूप रद्द केला. हसणाऱ्यांनी हसून घेतलं.

दसारामजी हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. तीन दिवस ते एकटे ओणवे होऊन रोपं पुन्हा लावत होते. तिसऱ्या दिवशी कौसाबाईला राहवलं नाही, ती उतरली आणि आपलं जुनं गाणं म्हणू लागली. ते तिच्या गाण्यावर लावत गेले.

संध्याकाळी पाय धुताना मला म्हणाले, "ठोक्याची चुकी नाई, मास्तर. चुकी माही हाये. नाचनाऱ्याकडं पाहून ठोका द्याव लागते. मले हे ठाऊक व्हतं, मी इसरलो."

नाचणाऱ्याकडे पाहून? पंपवाल्याला हे कुठून ठाऊक? मी दचकलो, पण विचारलं नाही. चूल पेटली होती आणि सुनंदा हाक मारत होती.

विचारलं त्यांनीच. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. छपरी नुकतीच सारवली होती, म्हणून आम्ही अंगणात कडुनिंबाखाली बसलो होतो. बॉक्स बारीक आवाजात चालू.

"मास्तर, तुम्ही एक गोष्ट गाळली."

"कोणती?"

"थे पोट्टे गोदामात काहून गेले? ज्याले आपलं आंगन हाये, थो दुसऱ्याच्या गोदामात नाचाले कायले जाईन? त्याइले कोनी तरी हाकललं असन."

मला कानापर्यंत घाम फुटला. कारण मी खरंच गाळलं होतं. पहिल्याच रविवारी त्या ओळीवर बोट ठेवून मी पुढच्या ओळीवर उडी मारली होती. मला वाटलं, खेड्यातला म्हातारा माणूस, याला कशाला हे सांगायचं. आता त्यांनी शब्द न शब्द मागितला. मी खाली मान घालून सांगितलं, की ती पोरं काळी होती म्हणून तर त्यांना इतर ठिकाणी उभं करत नव्हतेच, पण त्यांतले पुष्कळसे असे होते, की... की पुरुष असून त्यांचा जीव पुरुषांवर जडायचा. त्यामुळे त्यांना घरचे, देवळातले, आणि त्यांच्यासारखीच काळी माणसंसुद्धा जवळ करत नव्हती. ते गोदाम एवढी एकच जागा होती जिथे दारात कोणी विचारत नव्हतं, तू कोण.

मला वाटलं, ते उठून जातील. ते म्हणाले, "पुढं वाचा."

पुढे होतं ते आणखी वाईट. त्याच शहरात, या सगळ्याच्या जरा आधी, ज्या नाचाच्या गाण्यांवर ही पोरं नाचायची त्या गाण्यांच्या तबकड्या लोकांनी खेळाच्या मैदानात गोळा केल्या आणि स्फोट करून उडवल्या. गर्दी मैदानात घुसली, जाळपोळ झाली. हजारो लोक टाळ्या वाजवत होते.

बॉक्स धम् धम् करत होता. दसारामजींच्या मांडीवरचं बोट मात्र थांबलं होतं.

"पेटी जाळली," ते म्हणाले.

"पेटी नाही, तबकड्या."

"पेटी, मास्तर. मनिरामची."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, कारण आता सांगायला त्यांची हरकत नाही. खाणीत लागायच्या आधी, पंचविशी-सव्विशीत, दसारामजी खडी गंमतीत ढोलकी वाजवायचे. पंप नंतरचा, आधी ढोलकी होती. आणि त्या गंमतीचा नाच्या होता मनिराम, याच गावचा, सुताराच्या घरचा.

"मनिराम उभा राहिला का बायका आपला पदर सारखा करत. एवढा सुंदर नाचे. आमच्या खेळात एक गोष्ट हाये, मास्तर. नाच्याची लाज ढोलकीच्या हातात राहते. लोक चेष्टा करते, पदर ओढते, काहीबाही बोलते. पन ढोलकी चालू असन तं थे सारं खेळात जमा होते. नाच्या एक गिरकी घेते, उलटं बोलते, लोक हासते, संपलं. ढोलकी थांबली का खेळ संपला. मंग तिथं नाच्या नाई राहत. लुगडं नेसलेला एकटा मानूस राहते."

दुसऱ्या एका गावची मंडई होती, म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरते ती जत्रा. भरदुपारी. चार-पाच जण दारू पिऊन रिंगणात शिरले. लुगडं ओढलं. एक जण ओरडला, हा खेळात नाही, हा खरोखरच तसा आहे. मनिरामने गिरकी घेतली आणि ढोलकीकडे पाहिलं.

"आन माहा हात थांबला."

त्यांनी बॉक्सचा आवाज आणखी बारीक केला. 

"त्याची पेटी आनली. लुगडी, चाळ, टोप, सारं पाळण्याजवळ नेऊन जाळलं. मी ढोलकी घेऊन गर्दीच्या मांगं उभा. एकानं मले इचारलं, तू बी त्यातलाच का बे? मी म्हनलो, नाई. मी म्हनलो, मी फक्त वाजवतो."

मनिराम दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून गेला तो परत आला नाही. दसारामजींनी ढोलकी माळ्यावर टाकली आणि खाणीत नाव लावलं. पुढे लग्न झालं, लेक झाली, बायको वारली. मनिराम बालाघाटला एका शाळेत स्वयंपाक करतो, हे त्यांना दहा वर्षांपासून माहीत होतं.

"मग तुम्ही गेले काहून नाही?"

"पत्ता हाये, मास्तर. तोंड नाई."

माझ्या तोंडाशी त्या गर्दीतल्या माणसाचाच प्रश्न आला होता. तो मी गिळला. मला नेहमीचा धक्का बसायला हवा होता. त्याऐवजी नुसतं वाईट वाटलं, इतकं वाईट की मी उगीच मोबाइल पुसत बसलो. चार वर्षं स्टाफरूममध्ये मी पंपाची गोष्ट सांगत होतो. आणि हा माणूस दर वेळी लाइन गेली की त्या एका दुपारची उजळणी करत होता, या खेपेला हात थांबतो की नाही ते बघत होता.

"चिठ्ठी लिवून द्या," ते म्हणाले.

मी सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, असं सुरू केलं. ते त्यांनी खोडायला लावलं. क्षेमकुशल खोडायला लावलं. शेवटी कागदावर एवढंच राहिलं: करडीच्या मंडईले ये. या खेपेस हात थांबनार नाई. दसाराम.

उत्तर आलं नाही. भाऊबीज झाली, तरी नाही. दसारामजी पोस्टमनला विचारायचे नाहीत, नुसती त्याची चाल बघायचे.

मंडईच्या दिवशी सकाळीच त्यांनी बॉक्स हातगाडीवर घालून मैदानात नेला. कमिटीने जिलबीवाल्याच्या मागचा कोपरा दिला होता. तिथे त्यांनी चुन्याने मोठं गोल रिंगण आखलं, बाजूला बॉक्स ठेवला, बॉक्सच्या बाजूला पिपा ठेवला आणि गोणपाटावर बसले. रिंगणात कोणाला येऊ देईनात. पोरं कडेने नाचत होती, त्यांना चालत होतं. आत पाऊल पडलं की ओरडायचे. "हे कोनासाठी ठेवलं जी?" कौसाबाईने विचारलं. "तुमचे शिकागोचे पाव्हने येऊन राहिले का?"

"येईन," ते म्हणाले. "नाई बी येईन."

दुपारी तीनची बालाघाटची गाडी आली नि गेली. मी मुद्दाम फाट्यावर जाऊन उभा होतो. गाडीतून दोन बाया आणि एक टोपलीवाला उतरले. परत येऊन मी रिंगणाबाहेर उभा राहिलो.

साडेतीनच्या सुमाराला माझ्या शेजारी कोणी तरी येऊन उभं राहिलं. पांढरा सदरा, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी, केस अजून दाट आणि नीट विंचरलेले. गाडी चुकली म्हणून मागून जीपने आला असावा. चुन्याच्या रेषेजवळ येऊन थांबला, पण ओलांडली नाही. दसारामजींनी पाहिलं. ते उठले नाहीत, हसले नाहीत. दोघं नुसते पाहत राहिले, आणि मधे धम् धम् धम् धम्.

आणि लाइन गेली.

मंडईतले सगळे भोंगे एकदम मेले. मला इतका धक्का बसला की मी खाली पिप्याकडेच पाहिलं. दसारामजींचा हात पिप्यावर पडला होता. पुढचा ठोका वेळेवर आला. त्याच्या पुढचा आला.

भोंगे बंद झाल्यामुळे सगळी मंडई पिप्याच्या आवाजाकडे वळली. माणसं रिंगणाभोवती दाटली. मनिरामने आपली पिशवी न विचारता माझ्या हातात दिली, वहाणा काढल्या आणि रेषा ओलांडली. मागून कोणी तरी शिट्टी मारली. कोणी तरी काही बोललं, लोक हसले. दसारामजींचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसत होता, पण हात चालू होता.

मनिरामने एक गिरकी घेतली. मग गुडघा धरून थांबला.

"हळू मार बे दस्या," तो म्हणाला. "माहे गुडघे गेले."

दसारामजींनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि ठोका हळू केला, कौसाबाईच्या गाण्याइतका हळू. मग मनिराम नाचला. जास्त करून हातांनीच. नसलेला पदर असा सावरला की माझ्या शेजारच्या एका बाईने खरोखर आपला पदर सारखा केला. शिट्टीवाल्याकडे बघून त्याने असं काही नाक मुरडलं की सगळे शिट्टीवाल्यालाच हसले. सगळं खेळात जमा झालं.

किती वेळ ते चाललं, मला सांगता येणार नाही. मग लाइन आली आणि बॉक्स कानाशी फुटल्यासारखा सुरू झाला. मनिरामने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हे काय होय बे?"

"हाऊस म्युझिक. शिकागोचं हाये."

"बंद कर. मले तुह्याशी बोलाचं हाये."

चार वर्षांत तो बॉक्स बंद करायला सरपंच सांगून थकले होते, लेक रडून थकली होती, पोलीस पाटील येऊन चहा पिऊन गेले होते. दसारामजी उठले आणि त्यांनी बटण दाबलं. पिप्यावरही हात ठेवला नाही. ठोका तुटला आणि पाळण्यांचा करकर आवाज, पोरांचा गलका, जिलबीच्या कढईचा चर्र, सगळं एकदम ऐकू यायला लागलं.

मनिराम रिंगणातच खाली बसला. "तवा काहून थांबला होता?"

"भेलो होतो."

"मी बी भेलो होतो," मनिराम म्हणाला. "पन मी नाचून राहिलो होतो, दस्या."

दसारामजींनी गमछा तोंडावर घेतला. त्यांचे खांदे हलत होते. मनिराम त्यांच्याकडे न बघता गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे. चाय पाज. बालाघाटपासून काही पेलो नाई."

चहा आणायला मी पळालो, पिशवी तशीच खांद्याला. तीन कप घेऊन आलो तेव्हा ते दोघं रिंगणाच्या मधोमध मांडी घालून बसले होते आणि मंडई रेषेच्या बाहेरून वळसा घेऊन जात होती. मी रेषेशी थांबलो. आत जायला मला धीर होईना. वाकून, लांब हात करून कप पुढे केले.

"आत या ना, मास्तर," मनिराम म्हणाला. "रेघ पुसली तं पुसू द्या."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.